विश्लेषण : ‘स्कायलाइन जीटी-आर’ आयात करणे सोपे, सुटे भाग मिळवणे अवघड… असे का?

ऑगस्ट २०२५ मध्ये जपानमधील तोचिगी येथील कारखान्यातून निसानची शेवटची ‘आर-३५ जीटी-आर’ बाहेर पडली आणि १८ वर्षांत सुमारे ४८ हजार गाड्या बनवलेल्या या मॉडेलचे उत्पादन थांबले. पण या घराण्यातल्या ज्या गाड्यांसाठी जगभरातले कारप्रेमी आजही पैसे मोजतात, त्या याआधीच्या आहेत. आर-३२, आर-३३ आणि आर-३४ या ‘स्कायलाइन जीटी-आर’ अमेरिकेत नव्या असताना अधिकृतपणे विकल्याच गेल्या नाहीत. आता मात्र त्या तेथे कायदेशीररीत्या आणता येतात. गाडी बंदरात उतरते, कागदपत्रे होतात, नंबर प्लेटही मिळते. अडचण त्यानंतर सुरू होते. त्या गाडीचा एखादा सेन्सर, होज पाइप किंवा दिवा बिघडला तर तो आणायचा कुठून? आणि आणलेला भाग बसलाच नाही तर?

२५ वर्षांचा नियम काय आहे?

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला तेथील सुरक्षा मानके पाळावी लागतात. १९८८च्या कायद्याने खासगी आयातीवरचे नियम आणखी कडक केले. त्यात एक सवलत आहे. उत्पादनाला २५ वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला या मानकांतून सूट मिळते. प्रदूषणाच्या केंद्रीय नियमांतून २१ वर्षांनंतरच सूट मिळते, मात्र गाडी मूळ रचनेत असायला हवी. कॅलिफोर्नियासारख्या राज्याचे प्रदूषणाचे नियम वेगळे आणि अधिक कडक आहेत.

हे वय उत्पादनाच्या महिन्यानुसार मोजले जाते. आर-३२ जीटी-आर १९८९ ते १९९४, आर-३३ १९९५ ते १९९८ आणि आर-३४ १९९९ ते २००२ या काळात बनली. म्हणजे पहिल्या आर-३४ साठी अमेरिकेचे दार जानेवारी २०२४ मध्ये उघडले. ऑगस्ट २००२ मध्ये बनलेल्या शेवटच्या गाड्यांसाठी ते ऑगस्ट २०२७ मध्ये उघडेल. कॅनडात हीच मर्यादा १५ वर्षांची आहे.

मग जपानमधून इतक्या गाड्या बाहेर का येतात?

जपानमध्ये जुनी गाडी ठेवणे महाग पडते. १३ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीवरचा वार्षिक वाहन कर साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. ‘शाकेन’ या सक्तीच्या तपासणीचा खर्चही वयाबरोबर वाढत जातो. त्यात २०२४ मध्ये येन घसरून एका डॉलरला १६० येनच्या पलीकडे गेला, तेव्हा डॉलरमध्ये पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला जपानी लिलावातील गाडी स्वस्त वाटू लागली.

संख्येचाही परिणाम आहे. आर-३२ जीटी-आर सुमारे ४४ हजार बनल्या, आर-३३ साधारण १६ हजारांहून थोड्या जास्त आणि आर-३४ फक्त साडेअकरा हजारांच्या आसपास. चित्रपटांनी भाव आणखी वाढवला. ‘फास्ट अँड फ्युरिअस’च्या २००९ मधील चित्रपटात पॉल वॉकरने चालवलेली आर-३४ मे २०२३ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात १३ लाख ५७ हजार डॉलरला विकली गेली.

खरी अडचण कुठे आहे?

अडचण दोन घड्याळांची आहे. कायद्याचे घड्याळ २५ वर्षे मोजते. सुट्या भागांचे घड्याळ त्याआधीच संपते. मॉडेलचे उत्पादन थांबले की कंपनी काही वर्षे भाग पुरवते. मग मागणी घटते, साठा संपतो आणि एकेका भागापुढे ‘उत्पादन बंद’ असा शेरा पडतो. म्हणजे गाडी आयातीला पात्र ठरते, तेव्हा तिचे अनेक भाग बाजारातून गेलेले असतात. शिवाय नवीन आयातीमुळे मागणी वाढते ती नेमकी याच वेळी.

कंपनी भाग बंद का करते, याचे कारण कारखान्यात आहे. दरवाजा किंवा मागचा पत्रा बनवायला पोलादी साचे लागतात. ते बनवणे खर्चिक आणि सांभाळणेही जिकिरीचे. लाखो पत्रे काढायचे असतील तर तो खर्च विभागला जातो. वर्षाला पाच-पन्नास पत्र्यांसाठी तो परवडत नाही. रबराची गोष्ट आणखी वेगळी. इंधनाचा पाइप, बुश, सील हे भाग गाडी चालवली नाही तरी जुने होतात. त्यामुळे २० वर्षे पाकिटात पडून राहिलेला ‘नवा’ रबरी भाग नवा नसतोच.

अमेरिकेतील निसानच्या शोरूममध्ये हे भाग मिळत नाहीत का?

बहुतेक भाग मिळत नाहीत. अमेरिकेतील शोरूमची प्रणाली १७ अक्षरी वाहन क्रमांकावर चालते. जपानी बाजारातील गाडीला असा क्रमांक नसतो. ‘बीएनआर ३४’सारखा सांकेतिक शब्द आणि त्यापुढे सहा आकडे, एवढीच तिची ओळख. जी गाडी त्या देशात विकलीच नाही, तिची नोंद तेथील यादीत सापडत नाही.

अशा वेळी उपयोगी पडतो तो भागाचा क्रमांक. निसानचा क्रमांक दहा अक्षरांचा असतो. पहिली पाच अक्षरे भाग कोणता ते सांगतात. उदाहरणार्थ १५२०८ म्हणजे ऑइल फिल्टर, २१०१० म्हणजे वॉटर पंप, ११०४४ म्हणजे हेड गास्केट. उरलेली पाच अक्षरे त्या भागाची नेमकी रचना सांगतात. मूळ क्रमांक बंद झाला असेल, तर त्याच्या जागी नवा क्रमांक आला आहे का, हे आधी तपासावे लागते. फिल्टरसारखे काही भाग इतर निसान गाड्यांशी समान असतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळू शकतात. जीटी-आरपुरतेच असलेले भाग मात्र जपानमधूनच आणावे लागतात.

एकाच गाडीचे भाग एकमेकांना का बसत नाहीत?

तिन्ही पिढ्यांत २.६ लिटरचे, सहा सिलिंडरचे, दोन टर्बो असलेले ‘आरबी २६ डीईटीटी’ हेच इंजिन आहे. त्यामुळे सगळे भाग सारखेच असतील, असा समज होतो आणि तिथेच पैसे वाया जातात.

क्लचचे उदाहरण घ्या. आर-३२ च्या आधीच्या गाड्यांत क्लच ढकलून सुटतो, १९९३ नंतरच्या गाड्यांत तो ओढून सुटतो. दोन्हींचे संच वेगळे. आर-३२ आणि आर-३३ मध्ये इग्निशन कॉइलसाठी वेगळा इग्नायटर असतो, आर-३४ मध्ये तो कॉइलमध्येच असतो. कॉइल हातात घेतली तर सारखी वाटते, पण वायरिंग जुळत नाही. आर-३२ च्या सुरुवातीच्या इंजिनांत ऑइल पंप फिरवणारा क्रँकशाफ्टचा भाग अरुंद आहे, नंतर तो रुंद केला गेला. जुन्या क्रँकशाफ्टवर पंप बदलताना हे लक्षात घेतले नाही, तर जोराने फिरणाऱ्या इंजिनात पंप तुटू शकतो. तेलाचा दाब गेला की काही क्षणांत इंजिन जाते. गिअरबॉक्सही आर-३४ मध्ये सहा गिअरचा, आधीच्या दोन्हींत पाच गिअरचा.

म्हणून अनुभवी गॅरेज भाग मागवण्याआधी चेसिस क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि उपप्रकार लिहून घेते. आधीच्या मालकाने काय बदलले, हेही पाहावे लागते. २५ वर्षांत या गाड्यांची इंजिने, टर्बो, ब्रेक बदलले गेलेले असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी कॅटलॉगपेक्षा गाडीखाली जाऊन घेतलेला फोटो आणि मोजमाप अधिक विश्वासाचे.

आयात केल्यावर आधी काय बदलावे लागते?

लिलावाच्या कागदावर चांगली श्रेणी असली, तरी टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर तो बदलणे शहाणपणाचे. या इंजिनात बेल्ट तुटला, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. बेल्टपर्यंत पोहोचायला इंजिनाचा पुढचा भाग उघडावाच लागतो. त्यामुळे टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप आणि पुढचे ऑइल सील त्याच वेळी बदलले जातात. भागांपेक्षा मजुरी महाग पडते, म्हणून काम एकदाच करायचे.

त्यानंतर इंधनाचे आणि कूलंटचे पाइप, ब्रेकचे पाइप, सस्पेन्शनचे बुश. मूळ टर्बोतील चाक सिरॅमिकचे आहे. मूळ दाबावर ते चालते, पण दाब वाढवला तर फुटू शकते. त्यामुळे अनेक मालक पोलादी चाकाचा टर्बो बसवतात.

कंपन्या हे भाग पुन्हा बनवत आहेत का?

काही प्रमाणात होय. निसानच्या ‘निस्मो हेरिटेज’ उपक्रमात २०१७ पासून आर-३२ चे बंद झालेले भाग पुन्हा मिळू लागले. २०१८ मध्ये त्यात आर-३३ आणि आर-३४ आल्या. टोयोटाने २०२० मध्ये ‘जीआर हेरिटेज पार्ट्स’अंतर्गत सुप्राच्या ए-७० आणि ए-८० या दोन पिढ्यांचे भाग आणले. माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी जीर्णोद्धाराची सेवा सुरू केली.

साच्यांच्या प्रश्नावरही निसानने एक उत्तर शोधले. २०१९ मध्ये कंपनीने साच्याविना पत्रा घडवण्याचे तंत्र जाहीर केले. त्यात पत्र्याच्या दोन्ही बाजूंना दोन रोबो उभे राहतात आणि हिऱ्याचा लेप असलेल्या हत्याराने थोडा थोडा दाब देत आकार घडवतात. वेळ जास्त लागतो, पण साचा लागत नाही. कमी संख्येतील जुन्या पत्र्यांसाठी ते परवडू शकते.

मात्र या याद्यांत प्रत्येक भाग नाही आणि पुन्हा बनलेला भाग मूळ किमतीला मिळत नाही. उरलेली पोकळी एचकेएस, टोमेईसारख्या जपानी कंपन्या आणि भंगारातील गाड्या भरून काढतात. ऑस्ट्रेलियाचाही आधार मिळतो. तेथे १९९१ मध्ये सुमारे १०० आर-३२ अधिकृतपणे विकल्या गेल्या होत्या आणि याच घराण्यातील तीन लिटरचे इंजिन होल्डन कमोडोरमध्ये बसत असे. त्यामुळे ही इंजिने उघडणारे हात तेथे आधीपासून आहेत.

नव्या आयातशुल्काचा काय परिणाम झाला?

येथे एक विसंगती आहे. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने आयात गाड्यांवर २५ टक्के अतिरिक्त शुल्क लावले, तेव्हा २५ वर्षांहून जुन्या गाड्यांना त्यातून वगळले. ३ मे २०२५ पासून यादीतील वाहनांच्या भागांवरही २५ टक्के शुल्क आले. जपानशी झालेल्या करारानंतर १६ सप्टेंबर २०२५ पासून जपानी गाड्या आणि भागांवरचे एकूण शुल्क १५ टक्क्यांवर आणण्यात आले. जुन्या गाडीची सवलत गाडीसाठी लिहिलेली आहे. भागाचे शुल्क तो कोणत्या वर्गात मोडतो, यावर ठरते.

दुसरा फटका लहान पार्सलांना बसला. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. जपानच्या टपाल खात्याने त्याच सुमारास अमेरिकेकडे जाणारी काही प्रकारची पार्सले स्वीकारणे थांबवले. जुन्या गाडीचा मालक एकदम कंटेनर मागवत नाही. तो आज एक सील, पुढच्या महिन्यात एक स्विच असे मागवतो. स्वस्त भागावर कुरिअर, हाताळणी आणि शुल्क चढले की अनेकदा भागापेक्षा तो आणण्याचाच खर्च जास्त होतो. म्हणून अनेक भाग एकत्र करून मागवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

भारतात आर-३४ आणता येईल का?

सध्याच्या धोरणात नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडे हवे, ही अट जपानी गाडी सहज पूर्ण करते. अशी गाडी फक्त मुंबई बंदरातून आणता येते. दुसऱ्या टोकाला ५० वर्षांहून जुन्या व्हिंटेज गाड्यांसाठी सवलत आहे. १९९९ ची आर-३४ या दोन्हींच्या मधे अडकते. हेच नियम राहिले, तर तिला ५० वर्षे पूर्ण व्हायला २०४९ उजाडेल.

आर-३५ ची गोष्ट वेगळी. ती डिसेंबर २०१६ मध्ये भारतात १ कोटी ९९ लाख रुपयांना अधिकृतपणे विक्रीस आली. तिचे उत्पादन आता थांबल्याने सुट्या भागांचे दुसरे घड्याळ तिच्यासाठीही सुरू झाले आहे.

पुढे काय?

ऑगस्ट २०२७ पर्यंत प्रत्येक आर-३४ अमेरिकेत आणण्यायोग्य होईल. नवीन आर-३४ मात्र बनणार नाही आणि भागांसाठी उघडायच्या जुन्या गाड्याही कमीच होत जातील. किमती वाढल्या की नकली भागांनाही बाजार मिळतो. बोधचिन्ह नकली निघाले तर फक्त फसवणूक होते, ब्रेकचा भाग नकली निघाला तर जीव जातो.

मूळपणाचा प्रश्नही यातूनच येतो. गाडी रोज चालवायची तर बाजारातला नवा, मजबूत भाग बरा. किंमत टिकवायची तर मूळ भाग हवा. त्यामुळे जाणकार मालक काढलेला भाग फेकत नाहीत, चिठ्ठी लावून कपाटात ठेवतात. आणि गाडी घेण्याआधी तिच्या किमतीइतकाच आणखी एका यादीचा विचार करतात. तिच्यातले कोणते भाग आज मिळतात, कोणते पुन्हा बनवले जातात आणि कोणते कुठेच मिळत नाहीत. शेवटच्या रकान्यात हेडलाइट, डिस्प्ले किंवा अखंड वायरिंग असेल, तर लिलावात स्वस्त दिसलेली गाडी स्वस्त राहत नाही.