साधी गाठ, स्वच्छ रिपोर्ट

आमच्याकडे तब्येतीची चौकशी दोन प्रश्नांत आटोपते. "ऑपरेशन यशस्वी झालं ना?" आणि "टाके निघाले ना?" दोन्हींना हो म्हटलं की विचारणारा चहाचा कप उचलतो आणि गाडी पावसापाण्यावर येते. माझ्या डोक्यातली गाठ काढून तीन वर्षं होत आली. या दोन प्रश्नांना मी कितीदा हो म्हटलं असेल, त्याची गणती नाही. आणि ते हो खरेच आहेत. भांडण आहे ते त्यावरून परस्पर काढल्या जाणाऱ्या निकालाशी. गाठ साधी होती, ती निघाली, एमआरआय स्वच्छ आला, म्हणजे बाई बऱ्या झाल्या. यापुढे काही होत असेल तर ते मनाचं.

आधी 'साधी' या शब्दाचं बघू. माझी गाठ मेनिंजिओमा जातीची, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी. हे नाव हार्वी कुशिंग या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९२२ मध्ये रूढ केलं. डॉक्टर साधी म्हणतात तेव्हा 'कर्करोगाची नव्हे' एवढंच त्यांना म्हणायचं असतं. ऐकणारा मात्र 'किरकोळ' असं ऐकतो. मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही, हे खरं आहे. पण त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर ज्यांची ज्यांची घरं आहेत त्या सगळ्यांना कळतं. माझी गाठ डाव्या डोळ्यामागे होती. तिथे पोचायला कपाळाच्या केसांच्या रेषेमागून कातडी उघडली, कानशिलावरचा स्नायू हाडापासून सोडवला, हाडाचा तुकडा काढून बाजूला ठेवला, आवरण चिरलं, मेंदू जरासा सारला. मग हे सगळं उलट्या क्रमाने, टायटॅनियमच्या पट्ट्या लावून, बंद केलं. कानशिलावरचा तो स्नायू चावण्याचा आहे, हे मला घरी आल्यावर भाकरीने शिकवलं. तोंडात जेमतेम दीड बोट मावायचं. भाकरी दुधात कुस्करून खाताना सासूबाई म्हणाल्या, "डोक्याचं ऑपरेशन झालं, दातांना काय झालं?" त्यांचा प्रश्न रास्त होता. सुट्टी देतानाच्या कागदावर त्याचं उत्तर नव्हतं.

कपाळाचंही तेच. कातडी कापताना तिच्यातल्या बारीक नसा कापल्या जातात आणि त्या परत वाढतात त्या दिवसाला साधारण एक मिलिमीटर या हिशेबाने. वर्षभर मला टिकली लावल्याचं कळत नसे. आरशात बघून लावायची, आणि ती पडली तर दुसऱ्याने सांगायचं. दुसऱ्या दिवाळीला अभ्यंगाचं तेल कपाळावरून ओघळलं आणि मला ते कळलं. अजून दोन बोटं रुंदीची एक पट्टी मुकीच आहे. 'सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढे काही होत नाही' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना मी ती दिवाळी सांगते. सुधारणेचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि पुढे मंदावतो, हे कबूल. पण मंदावणं वेगळं आणि थांबणं वेगळं.

आता स्वच्छ रिपोर्टाकडे. एमआरआय मेंदूचा आकार दाखवतो. मेंदू दिवसभर काम कसा रेटतो, ते त्या चित्रात दिसत नाही. तपासणीच्या खोलीत मला आजची तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पैकीच्या पैकी गुण. मी पंचवीस वर्षं शिकवते आहे, परीक्षा कशी द्यायची हे मला कळतं. शांत खोली, समोर एकच माणूस, एका वेळी एकच प्रश्न. घरी आले आणि एका गॅसवर कुकर, दुसऱ्यावर तवा, फोडणी अजून व्हायची, बाहेर भंगारवाला ओरडतोय, अशा वेळी शिट्टी दुसरी झाली की तिसरी, तेच मला सांगता येईना. पोळी जळाली, डाळ कच्ची राहिली आणि मी ओट्याला टेकून रडले. डाळीसाठी कोण रडतं? म्हणून घरचे म्हणाले, मनाचं आहे.

हे मनाचं नाही, हे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी कागदावर आलेलं आहे. कॅनडात माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड नावाचे मोठे शल्यचिकित्सक होते. १९२८ मध्ये त्यांनी आपल्या सख्ख्या बहिणीच्या, रूथच्या मेंदूच्या उजव्या पुढच्या भागातली गाठ काढली, आणि तो भागही बराचसा काढावा लागला. रूथ बऱ्या झाल्या. बोलणं नीट, स्मरण नीट, वागणं नीट. वर्ष उलटून गेल्यावर त्यांनी भावाला जेवायला बोलावलं, घरची चार माणसं आणि हा पाहुणा. पेनफिल्ड स्वयंपाकघरात गेले तर सामान सगळं मांडलेलं, एकदोन पदार्थ शेगडीवर, पण बाकीच्याला हातच लागलेला नाही, आणि बहीण गोंधळून, थकून उभी. थोडी मदत मिळताच जेवण झालं आणि पुढे सगळं सुरळीत. त्यांनी आणि जोसेफ इव्हान्स यांनी १९३५ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात हा प्रसंग नोंदवला आहे. माझी आणि रूथची शस्त्रक्रिया एक नव्हे. माझ्या मेंदूला फक्त बाजूला सारलं होतं. पण जिभेला सगळं येतं आणि ओट्यापाशी सगळं अडतं, ही जागा मी ओळखते. याच पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आलेल्या डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला आपल्या देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. माँट्रियलहून शस्त्रविद्या आपल्याकडे आली, वाढली, तिने माझा जीव वाचवला. पेनफिल्ड बहिणीच्या स्वयंपाकघरात जाऊन जे बघून आले, ते मात्र आपल्या ओपीडीत शिरायला जागा नाही. दोनशे माणसं बाहेर ताटकळत असताना डॉक्टरने कुकरच्या शिट्ट्या विचाराव्यात, असं मीही म्हणणार नाही. पण त्याने विचारलं नाही म्हणून तो त्रास नाहीच, हे कुठलं तर्कशास्त्र?

तिसरा पक्ष सगळ्यात लाडका: इच्छाशक्ती. "तुम्ही खंबीर आहात, तुम्हाला काय होतंय!" हे वाक्य प्रेमाने येतं, म्हणून त्याला उत्तर देणं अवघड जातं. कुशिंग यांचाच एक रोगी या पक्षाला फार शोभेल. लिओनार्ड वुड, अमेरिकन सैन्यातले जनरल. १९१० मध्ये त्यांच्या डोक्यातून अशीच आवरणाची गाठ काढली आणि त्याच वर्षी ते सैन्याचे प्रमुख झाले. पुढे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढले, फिलिपाइन्सचे गव्हर्नर जनरल झाले. गोष्ट इथे थांबवली की टाळ्या मिळतात. पण त्यांचा डावा पाय लुळावत गेला, झटके आले, गाठ पुन्हा वाढली, आणि १९२७ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाल्यावर ते गेले. इच्छाशक्तीत वुड आपल्या कोणाला हार जाणारे नव्हते. तिने त्यांना राजधानीपर्यंत नेलं; पाय तेवढा सरळ केला नाही. थकवा आला की तो खंबीरपणात कमी पडल्याचा पुरावा मानायचा, म्हणजे दम्याच्या माणसाला 'श्वास घ्यायची इच्छाच नाही तुझी' म्हणण्यासारखं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, आणि विसावा घेत असतानाही तो शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. जी कामं पूर्वी आपोआप होत ती आता एकेक करून, लक्ष देऊन करावी लागतात. मग दुपारी चारला डोळे मिटले तर नवल काय?

आणि आपल्याकडे यावर सोशिकपणाचा मुलामा असतो. बाई सोशिक असली की तिचं कौतुक. मी दोन महिने सोसलं. ज्या चिडचिडीला घरात 'डोक्यावर परिणाम झाला' असं हळू आवाजात म्हटलं गेलं, ती आकडीच्या गोळीची होती. लेव्हेटिरासेटम नावाच्या त्या गोळीने काही माणसं चिडखोर होतात. हे औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. मी न सोसता सांगितलं असतं तर दोन महिने आधी गोळी बदलून मिळाली असती. (स्वतःहून मात्र ती बंद करायची नाही, एकदम बंद केली तर आकडीच येऊ शकते.)

आता समोरच्यांच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करायला हवं. दुखण्याकडे सारखं कान लावून बसलं की दुखणं मोठं होतं. शस्त्रक्रियेनंतर खरंखुरं नैराश्यही येतं आणि त्याला औषध आहे. ते घेण्यात कमीपणा नाही. आणि 'तू नुसती पडून राहा, कशाला हात लावू नकोस' म्हणणारी दुसरी टोळी पहिलीइतकीच नडते. माझ्या माहेरच्यांनी मला महिनाभर असं गादीवर जपलं की जिना चढताना पाय लटपटू लागले. तिसरीकडे, सगळीच लक्षणं 'उरलीसुरली' म्हणून पोटात घालायची नसतात. ताप आणि मान आखडणं, जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, नव्याने आलेला झटका, उलट्यांसह वाढत जाणारी डोकेदुखी, एका बाजूची ताकद जाणं, गुंगी: यातलं एकही दिसलं तर वही उघडत बसायचं नाही, रिक्षा बोलवायची.

वही म्हणजे शाळेचीच, शंभर पानी. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं लिहायचं: झोप किती, डोकं कधी दुखलं, त्याआधी काय केलं होतं. दिवसभर दुखण्याकडे बघायचं नाही, त्याची पाळी रात्री. कान लावून बसण्याचा माझा रोग याच वहीने घालवला. तीन आठवड्यांनी पानं चाळली तर कळलं की डोकेदुखी ढगाळ हवेने येत नाही, जसं मी सगळ्यांना सांगत होते; ती पालकसभेच्या दुसऱ्या दिवशी येते. चाळीस माणसं एकाच वेळी बोलतात, पंखे घरघरतात, बाक सरकतात. आता पालक पाच-पाचच्या गटाने येतात. ते मिळवायला मुख्याध्यापकांशी मला तीनदा बोलावं लागलं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, ४० टक्क्यांची मोजपट्टी आहे. पण दुपारी चारला विझणाऱ्या माणसाला त्या पट्टीवर कुठे उभं करायचं? मला प्रमाणपत्र नको होतं. सलग तीन तासांनंतर एक मोकळा तास हवा होता. वर्गात एकदा खडू मागताना 'खडू' हा शब्दच सापडेना, मी हात पुढे करून "ते... पांढरं..." म्हणत राहिले. पहिल्या बाकावरच्या मुलीने "बाई, खडू?" म्हणून तो हातात ठेवला आणि पुन्हा वहीत मान घातली. त्या पोरीइतकं शहाणपण मला मोठ्या माणसांत क्वचित भेटलं.

स्वयंपाकघरात क्रम बदलला. पोळ्या आधी, गॅस बंद, मग कुकर, मग फोडणी. ओट्यावर वाटीत शेंगदाणे ठेवते. एक शिट्टी झाली की एक दाणा बाजूला. सासूबाई पहिल्यांदा हसल्या, आता तेच दाणे मोजतात आणि चार झाले की मला न विचारता गॅस बंद करतात. तोंड उघडण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने दिला. तीन बोटं उभी मावली की काम झालं म्हणायचं. मला सात महिने लागले. ज्वारीची भाकरी, ठेच्यासकट.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचा फोन आला. त्यांच्या मिस्टरांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा होता, त्याला क्लिप लावून महिना झाला. ऑपरेशन यशस्वी, टाके निघाले, रिपोर्ट छान, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मी विचारलं, "भाकरी खातात का?" पलीकडे थोडा वेळ शांतता.

"नाही हो. भातच मागतात. आणि टीव्ही लावला की उठून आतल्या खोलीत जातात. घरात सगळे म्हणतात, हल्ली माणूसघाणे झालेत."

मी म्हटलं, "त्यांना द्या फोन. आणि आधी तो टीव्ही बंद करा."