हरवलेल्या एकीचा शोध: महामारीतील मतभेद आणि खानदेशचा धडा

जून 2020 च्या प्रारंभी जळगावच्या शासकीय कोविड रुग्णालयातून ऐंशी वर्षांवरील एक महिला रुग्ण बेपत्ता झाली. नातेवाईक शोध घेत राहिले. अखेर 10 जून रोजी त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात तिचा मृतदेह आढळला. या प्रकाराने सारा महाराष्ट्र हादरला आणि शासनाने अधिष्ठात्यांसह पाच जणांना निलंबित केले.

त्या वेळी जळगाव जिल्ह्यातील कोरोना मृत्युदर दहा टक्क्यांहून अधिक होता. देशाचा दर तीन टक्क्यांच्या आसपास होता. सुरुवातीला जळगावचे नमुने तपासणीसाठी धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे लागत. तपासण्या कमी झाल्या की सौम्य लक्षणांचे रुग्ण मोजणीबाहेर राहतात आणि मृत्यूंचे प्रमाण फुगलेले दिसते, हे खरे आहे. तथापि, रुग्णालयात दाखल झालेली व्यक्ती आठ दिवस कोणाच्या दृष्टीस पडू नये, याचे उत्तर कोणत्याही आकडेवारीत सापडत नाही.

संकटकाळी शासनावर टीका करावी काय, हा प्रश्न तेव्हा वारंवार विचारला गेला. सत्ताधारी महाविकास आघाडीने राजकारण न करण्याचे आवाहन केले, तर विरोधी भारतीय जनता पक्षाने शासन अपयशी ठरल्याचा आरोप केला. सामान्य माणसाची मात्र कुचंबणा झाली. बोलावे तर डॉक्टर व परिचारिकांचे मनोधैर्य खचेल आणि गप्प बसावे तर पुढच्या रुग्णाचे काय, अशी ही कोंडी होती.

हा पेच नवा नाही. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने जो साथरोग कायदा लागू केला, तो मूळचा 1897 चा, प्लेगच्या काळातील होय. त्या वर्षी पुण्यातील प्लेगविषयक सक्तीवर लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून टीका केली आणि पुढे त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली कारावास भोगावा लागला. ख्रिस्ती वाचकांनी आणखी एक नाव आवर्जून स्मरावे, ते पंडिता रमाबाईंचे. प्लेग रुग्णालयात नेलेल्या, आपल्या आश्रयाखालील एका मुलीच्या अवस्थेविषयी त्यांनी वृत्तपत्रातून जाब विचारला. सरकारने त्यांची तक्रार फेटाळून लावली. रमाबाईंना साथ रोखण्याचे महत्त्व ठाऊक नव्हते असे नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता की, सरकारने ताब्यात घेतलेल्या व्यक्तीची जबाबदारी कोणाची?

या कसोटीवर 2020 मधील इतर वाद तपासून पाहावेत. ऑगस्टमध्ये मंदिरे उघडण्यासाठी घंटानाद आंदोलन झाले. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी व मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यातील पत्रव्यवहार गाजला. 16 नोव्हेंबर रोजी सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे उघडली आणि दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली. आपली चर्चही त्यात होती. 2020 चे ईस्टर आपण घरीच साजरे केले, याची खंत आजही अनेकांच्या मनात आहे. उपासनेचा प्रश्न गौण नव्हता. परंतु घंटेच्या नादाला जितके व्यासपीठ लाभले, तितके खाटेवरच्या रुग्णाच्या हाकेला लाभले नाही, हे मान्य करावे लागेल.

टीका संपल्यावर काम कोणी व कसे केले, हेही पाहणे अगत्याचे आहे. खानदेशातीलच नंदुरबार या आदिवासीबहुल जिल्ह्याने जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांच्या कारकिर्दीत, दुसऱ्या लाटेपूर्वीच प्राणवायू निर्मितीचे प्रकल्प उभारले. एप्रिल 2021 मध्ये देशभर प्राणवायूसाठी धावाधाव सुरू असताना या जिल्ह्याचे उदाहरण सर्वत्र दिले गेले. जळगावचा मृत्युदरही पुढे बराच खाली आला. त्यामागे वाढलेल्या तपासण्यांचा वाटा होता, तसाच जनतेच्या रोषानंतर प्रशासनाला आलेल्या जागेचाही असावा.

निलंबनाने क्षोभ शमतो, व्यवस्था आपोआप सुधारत नाही. वॉर्डात रात्री किती परिचारिका असतात, हजेरी कोण घेते, नातेवाइकांना माहिती कोण देते, हे प्रश्न साथ ओसरल्यावरही विचारावे लागतात. ते विचारणे म्हणजे शासनद्रोह नव्हे आणि डॉक्टरांविषयीची कृतघ्नताही नव्हे. नव्याण्णव मेंढरे सुखरूप असताना हरवलेल्या एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या मेंढपाळाने टक्केवारी मांडली नाही. आपल्या धर्मग्रामांतील आजारी भेटीची परंपरा केवळ प्रार्थनेपुरती न ठेवता, जिल्हा रुग्णालयातील एकाकी रुग्णापर्यंत आपण नेऊ शकलो, तर पुढच्या संकटात कोणीही आठ दिवस नजरेआड राहणार नाही.