लावणे आणि राखणे

पुण्याहून नाशिककडे जाताना मंचर मागे पडले की नारायणगाव येण्यापूर्वी घोड नदीच्या परिसरात कळंब हे गाव लागते. महामार्गावरून भरधाव जाणाऱ्यांना ते क्षणभर दिसते आणि मागे पडते. पण भाषेच्या अभ्यासकाने तेथे थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते. कळंब हे एका झाडाचे नाव आहे. संस्कृतातील 'कदंब' प्राकृतातून येताना 'कलंब' झाला आणि मराठीत 'कळंब' म्हणून स्थिरावला. महाराष्ट्रात या नावाची गावे अनेक आहेत. धाराशिव आणि यवतमाळ या जिल्ह्यांत तर तालुक्याची गावेच कळंब आहेत. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, जांभूळवाडी ही नावे ज्या रीतीने पडली, त्याच रीतीने हेही पडले असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे. वस्ती करणाऱ्यांना तेथे जे झाड ठळकपणे दिसले, त्याचेच नाव त्यांनी गावाला दिले.

ज्या तालुक्यात हे कळंब आहे, त्याच्या नावातही आंबा आहे. आंबेगाव हे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो आणि गाव नसलेल्या तालुक्याला गावाचे नाव तेवढे उरले आहे. नाव उरावे आणि नावामागची वस्तू नाहीशी व्हावी, ही घटना शब्दांच्या अभ्यासात नवी नाही. मात्र झाडांच्या बाबतीत ती आपल्या डोळ्यांदेखत, दरवर्षी आणि समारंभपूर्वक घडत असते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आम्ही काही मित्र, बहुतेक भाषा शिकवणारे आणि त्यांतले एकदोघे मूळचे आंबेगाव-जुन्नरकडचे, काही वर्षे शहरातल्या एका टेकडीवर झाडे लावण्याच्या उपक्रमात स्वयंसेवक म्हणून जात होतो. पहिल्या पावसाळ्यात उत्साह अपार होता. फलक होता, छायाचित्रे होती, प्रत्येक रोपापाशी ते लावणाऱ्याच्या नावाची पत्र्याची पाटी होती. पुढच्या चैत्रात आम्ही टेकडीवर गेलो, तेव्हा बहुतेक ठिकाणी वाळलेली काडी आणि तिच्याशेजारी सुस्थितीत असलेली पाटी, असे दृश्य होते. पाटीवरचा रंगही उडाला नव्हता. ही चूक सर्वस्वी आमची होती, तिचे खापर दुसऱ्या कोणावर फोडण्याचे कारण नाही. पुढे कधीतरी कळंबकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याला आम्ही ही हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे विचारले, "लावलीत खरी बाबांनो, पण राखायला कोण होतं?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. तो प्रश्न केवळ आमच्यापुरता नाही, हे पुढे हळूहळू ध्यानात आले.

या प्रश्नातली दोन क्रियापदे नीट पाहिली पाहिजेत. 'लावणे' ही एका दिवसात पूर्ण होणारी क्रिया आहे. 'राखणे' कधी पूर्ण होतच नाही. आपल्या सार्वजनिक भाषेने यांतली पहिली क्रिया उचलली आणि तिला 'वृक्षारोपण' असे भारदस्त नाव दिले. या समासाकडे जरा चिकित्सक दृष्टीने पाहावे. खड्ड्यात उतरते ते रोप. त्याचा वृक्ष व्हायला काही दशके लागायची असतात आणि बहुधा तो होतही नाही. पण शब्द मात्र पहिल्याच दिवशी त्याला वृक्ष म्हणून मोकळा होतो. जे अजून व्हायचे आहे ते झालेच, असे एकदा भाषेने ठरवले की मग पुढे करण्यासारखे काही उरत नाही. मोजणीही त्याच दिवशी होते आणि त्याच दिवशी संपते.

ही सवय जुनी आहे. केंद्रीय कृषिमंत्री क. मा. मुन्शी यांनी 1950 साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा झाडे लावण्याचा ठरून गेला. त्यामागची तळमळ खरी होती, पण नावातल्या 'महोत्सव' या शब्दाने पुढे आपला प्रभाव दाखवला. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये एका दिवसात 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी झाडे लावण्याचे संकल्प सोडले. या मोहिमेची चौकशी करण्यासाठी 2021 मध्ये विधिमंडळ सदस्यांची समिती नेमण्याची घोषणा झाली. त्या राजकीय वादात आम्हांस शिरावयाचे नाही. आमचा मुद्दा एवढाच, की वाद झाला तोही मुख्यतः आकड्यांचा. किती लावली, किती जगली, किती खर्च झाला, हे विचारले गेले. कोणत्या गावात, कोणत्या माणसाने, कोणत्या उन्हाळ्यात पाणी घातले, हा प्रश्न मात्र ना समर्थकांनी विचारला, ना टीकाकारांनी.

याउलट 'राखणे' या धातूभोवती मराठीने किती मोठा संसार मांडला आहे! राखण, राखणदार, राखीव, राखोळी हे शब्द शेताच्या, गुरांच्या, रानाच्या व्यवहारातून आले आहेत. आंबेगाव तालुक्याच्याच पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगररांगेत, आहुप्याची देवराई आहे. अशा देवराया कोणी 'लावल्या' नाहीत. त्या राखल्या गेल्या. काडी तोडायची नाही, कुऱ्हाड न्यायची नाही, या साध्या नियमांवर त्या पिढ्यानपिढ्या टिकल्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा आसपासचे डोंगर उघडे पडले असतानाही देवरायांत जुने वृक्ष आणि वेली टिकून असल्याचे दिसले. अर्थात या राखणीत देवाचे भय होते, ती सर्वस्वी विवेकाची नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तरीही तीत एक गोष्ट निःसंदिग्ध होती. राखणारा कोण, हे गावाला ठाऊक होते.

पुढे इंग्रजी अमदानीत 1878 च्या वनकायद्याने 'राखीव' हा शब्द सरकारजमा केला. रान राखीव झाले, म्हणजे ते राखणारा गावकरी त्यातून बाहेर गेला. आजही झाडांची काळजी 'त्यांनी' घ्यावी, म्हणजे कोण्या खात्याने घ्यावी, असे आपण गृहीत धरतो, त्याचे मूळ काही अंशी या शब्दाच्या स्थलांतरात असावे, असा आमचा तर्क आहे. आपण लावणारे आणि ते राखणारे, अशी ही विभागणी आहे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. समारंभ नसेल तर माणसे येणार नाहीत. रोप हाती घेतलेल्या मुलाच्या मनात जे रुजते ते महत्त्वाचे, रोप जगले काय आणि न जगले काय, असे अनेक शिक्षक मनापासून मानतात. फेब्रुवारी 2020 मध्ये बीडजवळ पालवण येथे सह्याद्री देवराई या संस्थेच्या पुढाकाराने वृक्षसंमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी चक्क एक वड होता. साहित्यसंमेलनांच्या अध्यक्षपदाचे वाद पाहिलेल्या आमच्यासारख्यांना ही कल्पना विलक्षण आवडली. उत्सवाला आमचा विरोध नाही. पण या उदाहरणातला फरक ध्यानी घ्यावा. तेथे सन्मान झाला तो उभ्या असलेल्या वृक्षाचा. आपण एरवी सन्मान करतो तो रोप हाती धरलेल्या पाहुण्याचा. आणि मुलांच्या मनाविषयी म्हणायचे तर, आपण लावलेले रोप पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा कोणीतरी लावताना पाहणारे मूल काय शिकते? ते एवढेच शिकते, की मोठ्यांच्या शब्दांचा कृतीशी फारसा संबंध नसतो. भाषा शिकवणाऱ्यांना यासारखी हानी दुसरी नाही.

दुसरा आक्षेप असा, की स्वयंसेवकांजवळ साधने नसतात. हेही खरे. शहरातल्या टेकडीवर डिसेंबरनंतर पाण्याचा थेंब मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेल्या गवताला वणवा लागतो आणि दोन वर्षांचे कष्ट तासाभरात जातात. परंतु आमचा अनुभव असा, की टँकरपेक्षा नेमाने येणारी चार माणसे अधिक उपयोगी पडतात. पुण्याच्या टेकड्यांवर पहाटे फिरायला येणारी कित्येक मंडळी वर्षानुवर्षे हातात पाण्याची बाटली घेऊन येतात आणि ठरावीक रोपाला घालून जातात. त्यांचा फलक नसतो. आळे नीट ठेवणे, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे, वैशाखात रोपाशेजारी मडके पुरून ते भरत राहणे, हिवाळा सरताना भोवतीचे गवत कापून जाळरेषा काढणे, एवढ्या कामाला पैसा थोडाच लागतो. लागते ती तीच तीच माणसे त्याच त्याच ठिकाणी पुन्हा येण्याची तयारी.

तिसरी गोष्ट निवडीची. त्याच टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्पाची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड झपाट्याने वाढते, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून आकडा हमखास दिसतो. पण त्याच्या दाटीखाली इथले गवत आणि झुडपे मागे हटतात. हिरवे दिसणे आणि जिवंत असणे यांत भेद आहे, हे ओळखायला थोडी ओळखदेख लागते. रोपवाटिकेत 'कदंब' म्हणून जे रोप मिळते, ते बहुधा अधिक पावसाच्या प्रदेशातले मोठ्या पानांचे झाड असते. आपल्या कोरड्या रानात, ओढ्याकाठी वाढणारा कळंब हा त्याचा नातलग असला तरी वेगळा. कळंबच्या लोकांनी उद्या गावात कळंब लावायचे ठरवले, तर आधी त्यांना हा शब्दार्थाचा प्रश्न सोडवावा लागेल! शिवाय प्रत्येक मोकळी जागा झाडांसाठीच असते, असेही नाही. पूर्वेकडचे माळरान हे माळरान म्हणूनच परिपूर्ण असते. तेथे खड्डे घेणे म्हणजे एक जिवंत संहिता पुसून तीवर आपले अक्षर काढणे होय.

कायद्यानेही आता काही अंशी ही जाण दाखवली आहे. शहरी भागातील झाडांविषयीच्या 1975 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. 50 किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडाला 'वारसा वृक्ष' मानले गेले, तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याची आणि त्यांची सात वर्षे निगा राखण्याची अट आली. या त्रैराशिकात आम्हांस एक करुण विनोद दिसतो. साठ वर्षांचा वड आणि साठ रोपे यांत बरोबरीचे चिन्ह कोणत्या गणिताने घालावे? पण सात वर्षांच्या निगेची अट आम्हांस महत्त्वाची वाटते. कायद्याच्या भाषेत 'राखणे' परत आले, हे काही थोडे नव्हे. ते कागदावरून मातीत उतरवायला मात्र पाटी वाचणारे कोणी हवे.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. आपापल्या महाविद्यालयात, सोसायटीत, गावात असा उपक्रम चालवणाऱ्यांनी जुलैमध्ये मोजणी करू नये. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात करावी. जेवढी रोपे राखता येतील तेवढीच लावावीत, मग ती दहा का असेनात. एक वही ठेवावी, तीत मेलेल्या रोपांचीही नोंद करावी आणि ती का मेली हे लिहावे. आमच्या टेकडीवर आम्ही अखेर हेच केले. पुढच्या पावसाळ्यात थोडी रोपे लावली, पाट्या लावल्या नाहीत, आणि कोणत्या रविवारी कोण जाणार ते वहीत लिहिले. वहीत 'मेले' असे लिहिताना हात अडखळतो. तो अडखळावा, हेच त्या वहीचे प्रयोजन.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात काय करता येईल, असे कोणी विचारील. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' आपण वर्गात शिकवतो. आयुष्यभर वनखात्यात राहून रानाचे शब्द वेचणारे मारुती चितमपल्ली 2006 साली सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, 2025 मध्ये ते निवर्तले. यांच्या पुस्तकांतले किती वृक्ष आपल्या विद्यार्थ्यांना, आणि खरे तर आपल्याला, ओळखता येतात? तुकोबांचा झाडांना सोयरे मानणारा अभंग दर जुलैत फलकावर झळकतो. सोयऱ्याचे नाव माहीत नसावे आणि त्याच्याकडे वर्षातून एकदाच, छायाचित्रकाराला घेऊन जावे, या नात्याला काय म्हणावे?

पुणे-नाशिक रस्ता चौपदरी होताना त्याच्या कडेची जुनी झाडे गेली. आता कळंबवरून जाताना सावली फारशी लागत नाही. गावाचे नाव दगडावर, पाटीवर, सरकारी कागदावर शाबूत आहे. आमच्या टेकडीवरच्या त्या पत्र्याच्या पाट्यांची आठवण आम्हांस तेथून जाताना दरवेळी होते. पुढच्या खेपेस त्या वृद्ध गृहस्थांना भेटायचे आहे. त्यांच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर आता आमच्या वहीत आहे.