स्थैर्याचा सौदा कोणाशी?

शेजारी देशात लोकशाहीचा गळा घोटला गेला, तरी सीमेवर शांतता हवी असेल तर सत्ताधाऱ्यांशी जुळवून घेतलेच पाहिजे, असा सिद्धांत दिल्लीतील मुत्सद्दी सांगत असतात. ब्रह्मदेशाच्या, म्हणजेच म्यानमारच्या, बाबतीत तो तीन दशके राबविला गेला. त्याचा ताळेबंद मांडावयास हवा.

१९८८ च्या जनउठावानंतर भारत लोकशाहीवाद्यांच्या बाजूने उभा होता. पळून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी पुढे जॉर्ज फर्नांडिस यांनी दिल्लीतील आपल्या घराचे दार उघडले. १९९० च्या निवडणुकीचा कौल लष्कराने धुडकावला. पण काही वर्षांतच भारताचा सूर पालटला. ईशान्येतील बंडखोरांचा बंदोबस्त, चीनला पायबंद आणि आग्नेय आशियाकडे जाणारा मार्ग, ही कारणे क्षुल्लक नव्हती. १९९४ साली सीमाव्यापाराचा करार झाला, २००८ साली कलादान प्रकल्पाचा. २०२० साली तर पाणबुडीही देण्यात आली.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. २७ मार्चच्या लष्करी संचलनास भारताचा प्रतिनिधी हजर होता. त्याच दिवशी शंभरावर नागरिक गोळ्यांना बळी पडले.

एवढी किंमत मोजून पदरात काय पडले? कलादान मार्गावरील पलेत्वा जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मीच्या हाती गेले. क्यौकफ्यूपासून युन्नानपर्यंत चीनच्या तेलवायूच्या नळवाहिन्या उभ्या राहिल्याच. हजारो चिन निर्वासित मिझोराममध्ये आले. ज्या राजवटीला स्वतःचा प्रदेश राखता येत नाही, ती शेजाऱ्याची सीमा काय राखणार?

लोकशाही बंदुकीच्या बळावर निर्यात करता येत नाही, हे २००३ नंतरच्या इराकने दाखविले आहे. पण आक्रमण न करणे आणि जुलमाला हातभार लावणे यांत मोठे अंतर आहे. लष्कराला शस्त्रसामग्री देऊ नये, निर्वासितांना परत लोटू नये, लोकनियुक्त प्रतिनिधींशी व सीमेवरील वांशिक संघटनांशी उघड संवाद ठेवावा, एवढे तरी भारताला सहज शक्य आहे. निर्वासितांना रोखण्याचा केंद्राचा आदेश मिझोरामने मार्च २०२१ मध्ये मानला नाही. सीमेपलीकडची माणसे उद्याही शेजारीच राहणार आहेत, हे ऐझॉलला कळले. दिल्लीला ते केव्हा कळणार?

जनतेच्या संमतीवाचून लाभणारी शांतता हे स्थैर्य नव्हे. ती पुढील स्फोटापर्यंतची मुदत असते.