मुक्त म्हणजे बेवारस नव्हे



मुक्त सॉफ्टवेअरवर विसंबणे धोक्याचे, हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे मत अर्धेच खरे आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल आकसवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत चोरदरवाजा आढळला, हे मान्य, पण लॉगिनला लागणाऱ्या किंचित जादा वेळेचा माग काढून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो उघडकीस आणता आला, ते सारा कोड खुला होता म्हणूनच. बंद सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्याला ही सोय नसते. मग एवढे घडलेच कसे, असे कोणी विचारील. देखभालीचा भार थकलेल्या एकाच माणसावर होता आणि देखभालीत नवा माणूस घेण्यासाठी त्याच्यामागे तगादा लावला गेला होता. दोष खुलेपणाचा नाही, फुकट वापरून हात झटकण्याचा आहे. मराठीला ‘लोहित’, ‘मुक्ता’ हे फॉन्ट मुक्त परवान्यानेच लाभले. ते वापरणाऱ्या कार्यालयांनी व महाविद्यालयांनी चुका कळवाव्यात, निधी द्यावा. नुसता तगादा नको.

– एक वाचक, नागपूर