गॅरंटी डब्याची, गळती घराची

मे अर्धा सरला की सुरतेतल्या कोसाडच्या गच्च्यांवर वॉटरप्रूफिंगची घाई उडते. ठेकेदाराचा युक्तिवाद ठरलेला: माल नामांकित कंपनीचा, गॅरंटी दहा वर्षांची, पाऊस तोंडावर, स्लॅब तपासत बसायला वेळ कुणाला? ऐकायला हे मोठे व्यवहारी वाटते, पण तपासणी टाळायला यातला एकही मुद्दा पुरत नाही.

आधी माल. कोटिंग कितीही भारी असो, ते खालच्या थराच्या आधाराने टिकते. काँक्रीट ओतल्यावर वर येणारी सिमेंटची कमकुवत साय, धूळ, तेलाचे डाग खरवडून काढले नाहीत, तर कोटिंग त्या सायीलाच चिकटते आणि तिच्यासकट उठते. अशा वेळी डब्यातल्या मालाचा दोष काय?

ठेकेदाराचा दुसरा बचाव, ‘थोडी ओल चालते.’ हे अर्धसत्य. सिमेंट-पॉलिमर कोटिंगला पृष्ठभाग ओलसर लागतो, पण त्यावर पाणी साचलेले नको. डांबरी मेम्ब्रेनला मात्र तो कोरडाच हवा. स्लॅबमध्ये कोंडलेल्या ओलीची उन्हात वाफ होते आणि मेम्ब्रेनला फुगे येतात. सुरतेच्या दमट हवेत नुसता हात फिरवून ओल कळत नाही. ४५ सेंमी चौरस प्लास्टिक चारी कडांनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवावे. खाली थेंब जमले तर काम थांबवावे.

तिसरा, ‘शेवटी पाणी भरून पाहतोच की!’ जरूर पाहा. पण ती चाचणी त्या दिवशीची गळती सांगते, चिकटण्याची ताकद नाही. शिवाय दोष तेव्हा सापडला, तर केलेले काम फोडावे लागते.

उरला वेळ. हा आक्षेप खरा आहे, पण तो नियोजनाविरुद्ध जातो, तपासणीविरुद्ध नाही. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारायचे. सुकण्याचे दिवस त्यापुढचे. हा हिशेब मार्चमध्येच मांडावा. उशीर झालाच, तर पावसाच्या पाण्याच्या पाइपांची तोंडे मोकळी करून, तात्पुरती ताडपत्री घालून पावसाळा काढावा आणि काम दिवाळीनंतर करावे. ओल्या स्लॅबवर पैसे ओतण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

आयएस ३०६७ : १९८८ या मानकाच्या शीर्षकातच पूर्वतयारीचा उल्लेख आहे; आपल्या टेंडरांत मात्र बहुधा चौरस फुटाचा दरच दिसतो. माझे म्हणणे एवढेच: तयारीला वेगळा दर द्या. ढाळ, तडे, पॅरापेटच्या कोपऱ्यातला वाटा (गोलाई), पाइपांभोवतीच्या फटी, साय आणि ओल यांची नोंद फोटोंसह ठेवा. तिच्यावर सही मात्र कोटिंग मारणाऱ्याची नको, दुसऱ्या कुणाची तरी हवी.

झोपडपट्टीतून आलेल्या कुटुंबांसाठी महापालिकेने बांधलेल्या कोसाड आवाससारख्या वसाहतीत तर ही सही अधिकच गरजेची. तिथे वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला दर दोन-तीन वर्षांनी गच्चीसाठी वर्गणी काढणे परवडत नाही. म्हणून सही होईपर्यंत डबा उघडू नये आणि उघडला तर बिल अडवावे.