कच्च्याचा हट्ट

कैरी कच्ची असावी, व्हिडिओ पक्का असावा, असे माझे रोखठोक मत आहे. २०१३ साली 'मॅजिक लँटर्न' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने कॅननच्या काही डीएसएलआर कॅमेऱ्यांना 'रॉ', म्हणजे कच्चा व्हिडिओ टिपायची विद्या दिली, आणि आमचा पुतण्या बिघडला. "काका, १४ बिट! एकही रंग सुटत नाही!"

रंग सुटत नाहीत हो, पण हिशेब सुटतो! १९२० बाय १०८० चे चित्र, सेकंदाला २४. म्हणजे सेकंदाला सुमारे ८७ मेगाबाइट, मिनिटाला ५ जीबी. ६४ जीबीचे कार्ड बारा मिनिटांत गच्च!

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला ती आपणहून जात्यावरच्या ओव्या म्हणू लागली. चिरंजीवांचे कार्ड तोवर समईच्या ज्योतीनेच भरले होते. ओव्या राहिल्या. आता आईही नाही. ज्योत आहे, तीही अजून कच्चीच, कारण संगणकावर बसून ती 'शिजवायला' चिरंजीवांना सवड नाही.

सिनेमावाल्यांनी खुशाल रॉ घ्यावे. त्यांच्या पदरी आचारी असतात. आपल्याला साधा, दाबून बसवलेला, थोडा धुरकट व्हिडिओ पुरतो. त्यात आई असली म्हणजे झाले.